दोन कॅप्टन

नायकासारखाच दिसणारा, त्याच्याच आवाजात बोलणारा, पण मनाने दुष्ट असा एक दुसरा नायक अद्भुत मालिकांमध्ये कधी ना कधी येतोच. आमच्या वयाच्या मुलांनी तो 'बेन टेन'मध्ये पाहिला. त्याचे नाव अल्बेडो. चेहरा बेनचा, केस पांढरे, जाकीट लाल. मुळात तो परग्रहावरचा प्राणी. बेनच्या घड्याळासारखे घड्याळ स्वतःसाठी बनवायला गेला आणि बेनच्याच शरीरात अडकून पडला. ते शरीर त्याला मुळीच आवडत नाही, पण बेनच्या खाण्यापिण्याच्या आवडीसुद्धा त्याला चिकटल्या आहेत. आमच्या आईच्या पिढीने 'चंद्रकांता'मधले ऐयार पाहिले. ऐयार म्हणजे वेषांतर करणारे हेर. ते कोणाचाही चेहरा घेत. पण तो मुखवटा असे, उतरला की गोष्ट संपली.

या सगळ्या गोष्टींत एक सोय असते. शेवटच्या पाच मिनिटांत खरा कोण आणि खोटा कोण हे कळते, खोट्याला हाकलून देतात आणि आपण झोपायला मोकळे होतो. मी ज्या भागाविषयी लिहितो आहे त्यात ही सोय नाही, म्हणून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

हा भाग 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेतला आहे. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'आतला शत्रू'. तो ६ ऑक्टोबर १९६६ रोजी अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. लेखक रिचर्ड मॅथिसन. आपल्याकडे ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायची. तेव्हा माझे बाबा शाळेत होते आणि दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते.

सरोजिनी नगर म्हटले की सगळ्यांना स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. आमच्या घरी मात्र ते आजोबांच्या नोकरीचे गाव. जुने लोक त्या वसाहतीला तिच्या पहिल्या नावाने, विनय नगर म्हणत. पुढे हिरवळीचा तुकडा, कडुलिंब, दोरीवर कपडे आणि घरात छोटा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, असे बाबांचे बालपण. ती घरे आता नाहीत. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधायला मंजुरी दिली, त्यात ही एक होती. २०१८ साली तिथली झाडे तोडण्यावरून लोक रस्त्यावर आले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२५ मध्ये टाईप-२ घरांच्या नव्या उंच इमारतींचे उद्घाटन झाले. बाबाही आजोबांसारखेच केंद्र सरकारात कारकून, त्यामुळे फिरून आम्ही तिथेच राहायला आलो, फक्त अकरा मजले वर. बाबा खिडकीतून खाली बोट दाखवून म्हणतात, "तिथे कुठेतरी आपला नळ होता."

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा हा भाग बाबांनीच शोधून लावला. जानेवारीत मला हाऊस कॅप्टन करणार आहेत हे मी त्यांना जेवताना सांगितले होते. बाबा उपदेश करत नाहीत. ते काहीतरी लावून देतात आणि शेजारी बसून शेंगदाणे खातात.

गोष्ट अशी आहे. एंटरप्राइज नावाच्या यानाचा कॅप्टन जेम्स कर्क एका थंड ग्रहावर उतरलेला असतो. माणसाला ग्रहावरून यानात परत आणायचे एक यंत्र असते. माणूस तिथे विरघळतो आणि इथे पुन्हा उभा राहतो. त्या दिवशी यंत्रात बिघाड होतो. कर्क वर येतो, त्याला गरगरते म्हणून त्याला धरून खोलीबाहेर नेतात. खोली रिकामी होते. आणि मग यंत्र पुन्हा आपोआप चालू होते आणि दुसरा कर्क येतो. त्याची पाठ आपल्याकडे असते. तो वळतो तेव्हा त्याचा चेहरा पाहून बाबांचा शेंगदाणा हातातच राहिला. चाळीस वर्षांपूर्वीही तसेच झाले होते म्हणे.

यंत्राने एका माणसाचे दोन तुकडे केलेले असतात. एकात सगळा राग, हाव, भूक, हट्ट. दुसऱ्यात सगळी दया, विचार, सभ्यपणा. दोन्ही भूमिका विल्यम शॅटनर यांनीच केल्या आहेत. काही ठिकाणी ते जरा जास्तच डोळे वटारतात, पण चालायचेच. दुष्ट कर्क आधी डॉक्टरकडे जाऊन दारू मागतो, मग जहाजावरच्या एका स्त्री सहकाऱ्यावर हात टाकतो. ती झटापटीत त्याच्या गालावर ओरखडे काढते. पुढे ओळख पटवायची ती त्या ओरखड्यांवरून. खरे तर चांगला कर्क नंतर हिरवा अंगरखा घालतो, त्यावरूनही दोघे वेगळे ओळखू येतात. पण बाबांच्या टीव्हीवर तो हिरवा कुठून दिसणार? बाबांनी हा भाग फक्त ओरखड्यांच्या भरवशावर पाहिला होता.

इथपर्यंत गोष्ट नेहमीसारखीच आहे. मला वाटले होते, आता चांगला कर्क दुष्टाला पकडेल, मारेल आणि संपेल. पण यंत्र बंद असल्यामुळे चार माणसे खाली ग्रहावर अडकलेली असतात. त्यांचा म्होरक्या सुलू. रात्र पडत जाते तशी थंडी जीवघेणी होत जाते. (दुसरे छोटे यान पाठवून त्यांना का आणत नाहीत, असे मी विचारले. बाबांनाही लहानपणी हाच प्रश्न पडला होता. मालिकेत असे छोटे यान पुढच्या भागांमध्ये येते, तोपर्यंत ते आलेच नव्हते.) निर्णय घ्यायचा तो कॅप्टनने. आणि आता लक्षात येते की चांगल्या कर्कला निर्णयच घेता येत नाही. तो सगळ्यांशी नीट बोलतो, सगळ्यांचे ऐकतो, कपाळ चोळतो आणि म्हणतो, थोडे थांबू या. खाली माणसे दगड तापवून त्यावर हात शेकत असतात.

स्पॉक हा त्याचा दुय्यम अधिकारी. तो शांतपणे निदान करतो. कॅप्टनची हुकूम देण्याची ताकद त्या दुष्ट अर्ध्यात गेली आहे. तो अर्धा लगामात असला की त्याच्यामुळेच माणूस नेता होतो, आणि मोकळा सुटला की जनावर. डॉक्टर मॅकॉय दुसरी बाजू सांगतो. समंजसपणा चांगल्या अर्ध्याकडे आहे आणि भीतीला तोंड देण्याचे धैर्यही त्याच्याकडेच आहे. हे दुसरे वाक्य मला आधी पटले नव्हते. मला वाटायचे, शूर तो जो ओरडतो. पण पुढे दुष्ट कर्क आजारी पडतो तेव्हा मरणाच्या भीतीने रडतो, आणि चांगला कर्क त्याच्या खाटेशी बसून त्याचा हात धरतो.

थोडे थांबू या, हे कर्कचे शब्द ऐकले आणि मला राजगड आठवला.

सप्टेंबरच्या शेवटी आमचा ट्रेक राजगडावर गेला होता. उतरताना आम्ही पद्मावती माचीवरून चोर दरवाज्याने गुंजवणे गावाकडे निघालो. ज्यांनी ती वाट पाहिली आहे त्यांना माहीत आहे की दरवाज्याखालचा टप्पा सरळ उभा आहे आणि लोखंडी रेलिंग धरून उतरावे लागते. उस्ताद सर्वात पुढे होते. मी सर्वात मागे, माझ्यापुढे आठवीची मुले. निम्म्यात पाऊस आला. साधा पाऊस नव्हे, कातळावरून पाणी वाहायला लागले. माझ्यापुढचा मुलगा रेलिंगला दोन्ही हातांनी मिठी मारून थांबला. तो एक पाऊल पुढे टाकेना आणि मागेही येईना. त्याच्यामागे मी, आणि माझ्यामागे दुसऱ्या गटाची अख्खी रांग त्या अरुंद दरवाज्यात दाटलेली. वीज चमकत होती.

मी त्याला समजावले. "चल रे, काही होत नाही, मी आहे ना मागे." दोन-तीन मिनिटे मी हेच बोलत होतो. तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, पण हात सोडत नव्हता. मग माझ्या तोंडून एक आवाज आला. तो मी याआधी कधी ऐकला नव्हता. शब्द साधेच होते, "डावा हात सोड. आत्ता!" शिवी नव्हती, धक्का नव्हता. पण त्या आवाजात त्याच्याबद्दल काहीही माया नव्हती. त्याने हात सोडला. "खाली पाय. पुढचा हात." तो उतरला, मी उतरलो, रांग उतरली. खाली गुंजवण्यात उस्तादांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "बढिया."

परतीच्या बसमध्ये तो मुलगा माझ्या शेजारची रिकामी जागा सोडून मागे जाऊन बसला.

मला झोप लागेना ती वेगळ्याच कारणाने. तो आवाज बाहेर पडला तेव्हा मला बरे वाटले होते. काम झाले म्हणून बरे वाटले असेल, हे मी स्वतःला सांगून पाहिले. पण त्याचा हात सुटण्याच्या आधीच, तो दचकला त्याच क्षणी, मला बरे वाटले होते. आमच्या हाऊसमध्ये पूर्वी एक सिनियर होते. त्यांची पावले ऐकली की डॉर्म गप्प व्हायची. शिस्त उत्तम होती, पण रात्री ज्युनियर पाणी प्यायलाही उठायचे नाहीत. राजगडावरचा तो आवाज त्यांच्या आवाजासारखा होता.

सरोजिनी नगरच्या अकराव्या मजल्यावर, खाली दिवाळीच्या गर्दीचा गलका चालू असताना, पडद्यावर स्पॉक जे सांगत होता ते मला या कारणासाठी फार जवळचे वाटले. स्पॉक स्वतः अर्धा माणूस आणि अर्धा परग्रहवासी. तो कर्कला सांगतो की दोन अर्ध्यांचे भांडण मी रोज सोसतो आणि बुद्धीच्या जोरावर निभावतो. मी बाबांना विचारले, "म्हणजे तो आवाज ठेवायचा?" बाबा म्हणाले, "तो टाकून दिला असतास तर ते पोर अजून राजगडावरच असतं."

हे उत्तर मला आवडले. आईला आवडले नाही.

आई चकल्या तळता तळता अर्धे लक्ष देऊन बघत होती. कढई उतरवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं कॅप्टनचाच विचार करताय. त्या मुलीचं काय?" ज्या सहकारी स्त्रीवर दुष्ट कर्क हात टाकतो, तिला नंतर चांगल्या कर्कसमोर उभे राहून काय घडले ते सांगावे लागते. तो मनापासून म्हणतो, तो मी नव्हतो. आई म्हणाली, "याला दोन अर्धे असतील. तिला चेहरा एकच दिसतोय ना?" भागाच्या शेवटी स्पॉक तिला त्या तोतयावरून एक खोचक वाक्य ऐकवतो. तेव्हा आईने सरळ "चूप रे" म्हटले. मलाही ते वाक्य मालिकेला शोभणारे वाटले नाही.

आईच्या प्रश्नाने मी गडबडलो. बसमध्ये मागे जाऊन बसलेल्या मुलाला माझ्या आतले दोन अर्धे कसे दिसणार? त्याच्यासाठी "मी आहे ना मागे" म्हणणारा मीच आणि तो आवाजही माझाच.

आमच्या आजोबांना 'तो मी नव्हेच' हे अत्र्यांचे नाटक जवळजवळ पाठ आहे. त्याचा पहिला प्रयोग १९६२ साली दिल्लीतच झाला होता, हे ते दिल्लीत भेटणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला सांगतात. त्यात प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे वेगवेगळी रूपे घेऊन लोकांना फसवतो आणि कोर्टात उभा राहून प्रत्येक वेळी नाकबूल करतो. प्रेक्षक हसतात, कारण तो कोण ते सगळ्यांना दिसत असते. कर्क सुरुवातीला लखोबासारखाच बोलतो. फरक पुढे पडतो. त्या दुसऱ्याला पाहिल्यावर तो डॉक्टरला सांगतो की ते विचारशून्य जनावर आहे, मला ते परत आत घ्यायची इच्छा नाही, आणि तरी तो मीच आहे. संपूर्ण भागात मला हेच सर्वात अवघड काम वाटले. जहाजाच्या इंजिनखोलीत लपलेल्या त्या दुसऱ्याला शोधणे त्यापेक्षा सोपे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. मला हिवाळ्यासाठी जाकीट हवे होते. "एक्स्पोर्ट का माल, एक्स्पोर्ट का माल" असा ओरडा चालला होता. सरोजिनीमध्ये दोन प्रकारचा माल मिळतो आणि बाबा लहानपणापासून ते ओळखतात. एक म्हणजे नक्कल. मोठ्या कंपनीचे नाव, पण कापड भलतेच. दुसरा म्हणजे परदेशी जाण्यासाठी शिवलेला पण नापास झालेला किंवा उरलेला माल. तेच कापड, तोच दोरा, कुठेतरी एक शिवण वाकडी, आणि गळ्यामागचे लेबल बहुतेक वेळा कापलेले. बाबा प्रत्येक जाकीट आधी उलटे करतात आणि आतल्या शिवणीवरून बोट फिरवतात. मला एकदम वाटले, अल्बेडो ही नक्कल आहे. ऐयारही नक्कल. कर्कचा दुसरा मात्र नापास माल आहे, एकाच कारखान्यातला, एकाच ताग्यातला. मी हे बाबांना सांगितले. ते म्हणाले, "बरोबर. पण बाही तपासलीस का?" बाही तपासली नव्हती. जाकीट साडेतीनशेला मिळाले.

शेवट सांगायचा राहिला. दुष्ट कर्क पळतो, चांगल्याच्या गालावर तसेच ओरखडे काढतो म्हणजे कोणाला फरक कळू नये, आणि कॅप्टनच्या खुर्चीवर जाऊन बसतो. पहिला हुकूम देतो तो निघण्याचा. खालची चार माणसे तशीच सोडून. हुकूम द्यायला त्याला एक क्षणही लागत नाही, हे बघण्यासारखे आहे. मग चांगला कर्क तिथे येतो. त्याच्या हातात शस्त्र नसते. दोघे समोरासमोर. दुष्ट कर्क आधी गुरगुरतो, धमक्या देतो आणि मग कोसळतो. मला जगायचे आहे, असे ओरडत रडतो. मला त्याची दया आली, हे लिहायला विचित्र वाटते. चांगला कर्क त्याला धरून यंत्राशी नेतो आणि दोन्ही हातांनी मिठी मारून त्याच्यासह आत उभा राहतो. त्याआधी यंत्राने असेच दोन तुकडे केलेल्या एका कुत्र्यासारख्या प्राण्यावर प्रयोग झालेला असतो. जोडताना तो प्राणी मेलेला असतो. म्हणजे कर्कला जगण्याची खात्री नसते. यंत्र चालते, एकच माणूस बाहेर येतो आणि त्याचा पहिला हुकूम असतो, खालच्या माणसांना वर आणा.

त्यानंतर तो म्हणतो की तोतया होता तिथे परत गेला आहे, आता त्याला विसरू या. इथे माझे कर्कशी जमत नाही. विसरायचे का? तो परत आत आला आहे म्हटल्यावर लक्ष ठेवायला नको का? स्पॉकचे मत आणखी कडक आहे. भागाच्या सुरुवातीलाच कर्क जहाजावरच्या सगळ्यांना खरे काय ते सांगू पाहतो, तेव्हा स्पॉक त्याला अडवतो. कॅप्टनचा कमकुवतपणा दिसला की माणसांचा विश्वास जातो, मग कमांड जाते, असे त्याचे म्हणणे. बाबा स्पॉकच्या बाजूने. आई म्हणाली, सांगितलेच पाहिजे. चकल्या संपल्या तरी त्यांचा वाद संपला नाही.

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली. जानेवारीच्या हाऊसच्या यादीत तो राजगडाचा मुलगा माझ्याच डॉर्ममध्ये आहे हे मी नोटीस बोर्डवर पाहिले. एके दिवशी प्रेपनंतर मेसच्या रांगेत तो माझ्यापुढे आला. मी त्याला सांगितले की चोर दरवाज्यावर माझेही पाय थरथरत होते, मीही तो टप्पा पहिल्यांदाच उतरत होतो. स्पॉकला हे चालले नसते. मुलाने ताट छातीशी धरले आणि थोडा विचार केला.

"पुढच्या ट्रेकलाही मागे तुम्हीच असणार का, सर?"

मी हो म्हणालो. त्याने मान हलवली आणि डाळ घ्यायला पुढे गेला. त्याला उत्तर हो हवे होते की नाही, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.